मुंग्या आल्या तर सोडा

अनुभव सांगायला माणूस पिकलेला असावा लागतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी पिकलेलो नाही. माझी तिशीसुद्धा व्हायची आहे. तरी दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. कारण हे ज्यांनी लिहायला पाहिजे होतं, त्यांच्यातल्या काहींना लेखणी धरायला हातच उरलेला नाही. त्यांनी तो लढाईत गमावला असता तर त्याचा पोवाडा झाला असता. त्यांनी तो गमावला घट्ट बांधलेल्या पट्टीत, आपल्याच ओसरीवर, आपल्याच माणसांच्या देखत. याचा संताप मला तेव्हा आला, आजही येतो. हा लेख वाचून तुम्हाला तो आला नाही तर माझं लिहिणं फुकट गेलं असं मी धरीन.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोलापुरात एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, आणि डॉक्टर मोडलेलं हाड ओढून जागेवर बसवत असताना रोग्याला दुसऱ्या बाजूनं धरून ठेवणारा. ते काम शिकलो आणि हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात, माझ्या तुळजापूरला परत आलो. आम्ही चार तरुणांनी धर्मशाळेच्या ओसरीवर प्रथमोपचाराचं ठाणं मांडलं. एक बाकडं, एक रांजण, दोन पेट्या. एका पेटीत कापूस, पट्ट्या, टिंक्चर, लाकडी फळ्या. दुसऱ्या पेटीत पत्रकं. दोन्ही सोलापूरहून येत. पहिली हद्दीच्या नाक्यावरून राजरोस येई, दुसरीतला माल पहिलीच्या तळाशी दडून.

पत्रकं कशाला, असं कुणी विचारील. मी उलट विचारतो, पत्रकाशिवाय काय होतं आमच्याकडं? शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, मराठीत चार ओळी छापायच्या तरी परवानगी, आणि ती मिळायची नाही. माणसाचा हात मोडला तर त्यानं काय करावं हे त्याच्या भाषेत सांगणं हासुद्धा त्या राजवटीत चोरटा धंदा होता. म्हणून आम्ही तो चोरून केला, आणि उत्साहानं केला.

आता धंद्याविषयी थोडं. मोडलेला हात समोर आला की लोक मोडलेल्या जागेकडं बघतात. आम्ही बोटांकडं बघतो. दोन्ही हात शेजारी ठेवायचे, चांगल्या हाताशी दुखरा ताडून बघायचा. रंग एक आहे का? ऊब एक आहे का? मग नख दाबायचं. दाबलं की ते पांढरं पडतं. आपलं बोट उचललं की 'आई' म्हणेपर्यंत लाली परत आली पाहिजे. आली तर रक्त फिरतंय. मग फळी लावायची, मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा दोन्ही हलणार नाहीत अशी, आणि आहे तसा माणूस दवाखान्यात धाडायचा. ओढाताण नाही, चोळणं नाही. मोडलेलं हाड थांबायला तयार असतं. रक्त थांबत नाही. आणि मोडलेला हात मागाहून सुजतो, ही गोष्ट तर दगडावर कोरून ठेवावी. दुपारी नीट बसलेली पट्टी संध्याकाळी फास होते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक भक्त लोटांगण घालत येताना खांदा निखळवून बसला. नवस लोटांगणाचा आहे, चालत तुमच्या ओसरीवर आलो तर मोडेल, म्हणून भररस्त्यात आडवा. शेवटी आम्हीच त्याच्या शेजारी रस्त्यावर बसलो आणि हात तिथंच झोळीत बांधला. एक पुजारी देवळाच्या पायऱ्यांवर घसरून मनगट सुजवून आले आणि हळूच म्हणाले, कुणी विचारलं तर घरी पडलो म्हणून सांगा, आईच्या पायरीवर मी पडलो हे बरं दिसत नाही. आणि जवळजवळ प्रत्येकाला पट्टीच्या आत देवीचं कुंकू पाहिजे. मी म्हणायचो, आत नको, वर लावा, आईला कापडातून दिसतं. यावर कुणी भांडलं नाही.

भांडण झालं ते मुंग्यांवरून.

लोहारा गावाकडचा एक गडी आमच्याकडं आणला. मोटेच्या चाकात हात सापडलेला, गावातच कामट्या लावून करकचून बांधलेला. पट्टी काढली तेव्हा हात काळा होता आणि त्याला वास येत होता. सोलापूरला कोपराखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तो रडला नाही, ओरडला नाही. तो मला पुनःपुन्हा एवढंच विचारत होता, "मुंग्या तर येत हुत्या की वो. चांगल्या येत हुत्या."

तेव्हा मला कळलं. आमच्या भागात बांधलेल्या हाताला मुंग्या आल्या की लोक खूश होतात. मुंग्या हाडाचे कण ओढून जवळ आणतात आणि हाड सांधतं, असं म्हणतात. मुंगी वारूळ कसं बांधते, तसं. कल्पना सुंदर आहे, आणि तिनं किती हात खाल्ले याची कुठं नोंद नाही. बांधलेल्या हाताला मुंग्या येणं म्हणजे आवळलेल्या नसांची बोंब. ती ऐकून लोक गूळ वाटायचे.

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'हाडवैद्य की हाडवैरी?' खाली चार कडक परिच्छेद, आणि तळाला जाड टाइपात एक ओळ, 'मुंग्या आल्या तर पट्टी सोडा'. सोलापूरच्या छापखान्यातले टाइप जुळवणारे जुळारी म्हणाले, एवढ्या जाड टाइपात ही ओळ मावत नाही. मी म्हटलं, मग 'पट्टी' काढा, संदर्भावरून कळतं. पत्रकाला ठोसा पाहिजे. 'मुंग्या आल्या तर सोडा.' वाचून मी स्वतःवरच खूश झालो. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात आजही चूक दाखवता येणार नाही.

पत्रकं वाड्यावस्त्यांवर गेली. काही दिवसांनी सकाळी दिगू ओसरीवर आला. दिगू म्हणजे सुंदराकाकूंचा मुलगा, आणि सुंदराकाकू म्हणजे आमच्या पंचक्रोशीची सुईण. तुळजापूर ते तामलवाडी त्या पट्ट्यातल्या निम्म्या लेकरांनी पहिला श्वास त्यांच्या हातात घेतलेला. त्यात मीही एक. दिगू पायरीवर बसला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "डागदर, तुमचा सोडा काय लागू पडंना."

मी विचारलं, कसला सोडा? मग सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी काकू एक बाळंतपण उरकून गाडीतून परत येताना बैल उधळला, त्या उजव्या हातावर पडल्या आणि मनगटाच्या वर हात मोडला. भिवातात्या हाडवैद्यानं कामट्या लावून हात बांधला. पहाटे मुंग्या येऊ लागल्या. घरात माझं पत्रक होतं, वाचणारं कुणी नव्हतं. दिगू ते घेऊन वीरसंगप्पा वाण्याकडं गेला. वीरसंगप्पाचं घरचं बोलणं कानडी, मराठी दुकानापुरती. दुकानात 'सोडा' म्हणजे काय हे सांगायला नको. त्यानं कागद वाचला, मान डोलावली, साखरेला मुंग्या लागल्यावर आम्ही हेच करतो म्हणाला आणि पुडी बांधून दिली. दिगूनं सगळा सोडा आईच्या पट्टीवर भुरभुरला, उरलेला फटीतून आत भरला.

मी हसलो नाही. मला हसू आलं ते फार नंतर. मी पेटी उचलून तसाच पळालो.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात मांडीवर, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत कामट्या, त्यावर उडदाच्या पिठाचा आणि हळदीचा वाळून दगड झालेला लेप, आणि त्यावर पांढरी पूड. बोटं वांग्याच्या रंगाची. मी अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं झालेलं नख पांढरंच राहिलं. मी मनात 'आई' म्हटलं, दोनदा म्हटलं. मग निळसर रंग हळूहळू सरपटत आला.

मी पेटीतून कात्री काढली तेव्हा दिगू मध्ये उभा राहिला. त्याच्या आईनं देवीची आण घेतली होती. आणि ती आण माझ्यामुळं घेतली होती. माझं पत्रक भिवातात्याला कुणीतरी मथळ्यासकट वाचून दाखवलं होतं. हाडवैरी हा शब्द त्याला फार लागला. म्हणून या खेपेला पट्टी बांधण्याआधी त्यानं काकूंना देवळाच्या शिखराकडं तोंड करायला लावलं आणि वदवून घेतलं, की पुनव होईपर्यंत पट्टी सोडणार नाही आणि त्या पत्रकवाल्यालाही सोडू देणार नाही.

मी समजावून सांगायला लागलो. नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याला बसला तर तुम्ही पुनवेची वाट बघता का, असं म्हटलं. काकूंनी मला पुरं बोलू दिलं नाही.

"शिकवू नगंस मला. वेढा बसलेलं लेकरू कसल्या रंगाचं असतं, तुज्या आदी मी बघितलंय. ह्यो हात मला कळंना व्हय? पर आण घेतलीय, लेकरा. आज आईची आण मोडली तर उद्या बाळंतिणीच्या पोटावर कुठल्या तोंडानं हात ठिवू? हात चांगला असून उपेग काय, कुणी दाराशी उभं केलं न्हाय तर?"

आता या दोन हातांतला कुठला वाचवायचा, सांगा. एक आवळला होता पट्टीत, दुसरा शब्दात. मला पत्रक लिहिता येत होतं. याला पत्रकात उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, सोलापूरला चला, फोटो काढू. हाताचा फोटो निघतो, आतलं हाड दिसतं, पट्टी सोडावी लागत नाही. फोटोला आण नडत नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांपुढं काहीतरी मार्ग निघेल, एवढ्या आशेवर मी त्यांना उठवलं, दिगूलाही बरोबर घेतलं. तेवढ्यात भिवातात्या आला. काठी टेकत, पटका बांधून, प्रवासाच्या तयारीनं. "पट्टी माजी हाय," तो म्हणाला. "पट्टी जाईल तितं मी जानार."

तेव्हा लढाईमुळं पेट्रोल मिळत नसल्यानं सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं भट्टी, पुढं धूर. घाट उतरताना सगळी माणसं एकमेकांवर कलंडत होती. काकूंचा हात मी माझ्या खांद्याच्या उंचीवर धरून ठेवला. वर धरलेल्या हातातून सूज थोडी तरी उतरते. तेवढंच मला करता येत होतं. तात्या समोर बसून मला टोमणे मारत होता. पोरा, तुज्या बापाचा पाय मी बांधला हुता, त्याच पायानं तो तुज्या मागं छडी घिऊन पळायचा, तवाबी पट्टी काय सैल न्हवती. मोटारीतले लोक हसले. काकूही हसल्या. मी हसलो नाही, पण वडिलांच्या पायाचं त्याचं खरं होतं. दहांतले सात-आठ हात तात्याच्या हातून चांगले होत, हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं. उरलेले दोन माझ्यासमोर येत.

घाट संपला. तामलवाडी दिसायला लागली तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मुंग्या गेल्या रं."

तात्याचा चेहरा उजळला. बघा, सांधलं, तो सगळ्या मोटारीला म्हणाला. मुंग्या येणं वाईट, पण त्या निघून जाणं त्याहून वाईट. बोंब मारणारा गप्प झाला म्हणजे तो बरा झाला असं नव्हे. मी काकूंच्या करंगळीला नखानं टोचलं. त्यांना कळलं नाही. सोलापूर अजून लांब होतं, आणि मध्ये हद्दीवरचा नाका होता.

या नाक्याविरुद्ध मी तोवर दोन पत्रकं लिहिली होती. येणाऱ्याची झडती, जाणाऱ्याची झडती, बायकांच्या गाठोड्यांत हात, लिंबाच्या टोपलीपासून लोटीपर्यंत जकात, म्हणजे निजामी भाषेत करोडगिरी. 'करोडगिरी की चाचेगिरी?' हाही मथळा माझाच. नाकेदाराची सावली दिसली तरी माझं रक्त तापे.

मोटार थांबली. नाकेदार उतारूंवरून नजर फिरवत आला आणि काकूंच्या हाताशी थबकला. पट्टीतून पांढरी पूड झडून लुगड्यावर, बाकड्यावर पडली होती. त्यानं ती चिमटीत घेतली, वास घेतला.

"ये क्या है, बाई?"

"सोडा हाय," काकू म्हणाल्या.

भट्टी धडधडत होती, त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याच्या भुवया वर गेल्या. "सौदा है? पट्टी में सौदा?"

त्यांच्या भाषेत सौदा म्हणजे विकायचा माल. आणि नाक्यावर उभं राहून एक बाई सांगतेय की पट्टीत माल आहे. दिगू घाईनं म्हणाला, व्हय व्हय, सोडाच. झालं. नाकेदारानं काकूंना खाली उतरवलं, चौकीतल्या टेबलाशी आणलं आणि शिपायाला पट्टी फोडायला सांगितलं. तात्या आडवा आला. मोटारीतल्या बाया खाली उतरून कालवा करू लागल्या. मोडलेला हात, म्हातारी बाई, शरम वाटत नाही का. सगळे माझ्याकडं बघू लागले. नाक्याविरुद्ध बोलायचं तर ते मी बोलायचं, हे ठरलेलंच होतं. माझ्या तोंडात वाक्यंसुद्धा तयार झाली होती.

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी गर्दीतून पुढं झालो आणि नाकेदाराला सलाम केला. आयुष्यातला पहिला. म्हटलं, साहेब, शिपायाला नको, तो हात मोडेल. मी कापतो. पण हा सरकारी हुकूम आहे असं तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा.

नाकेदार माझ्याकडं बघत राहिला. आमच्यासारखा कुणी त्याच्याकडं हुकूम मागायला पूर्वी कधी आला नसावा. काहीतरी डाव आहे असं त्याला वाटलं असेल. पण लोक बघत होते. त्यानं छाती काढली.

"सरकारी हुकूम है. खोलो."

काकू तात्याकडं वळल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळ्यांत मिस्कील चमक होती. "तात्या, ऐकलं न्हवं? मी सोडली न्हाय. मी सोडू बी दिली न्हाय. सरकार सोडतंय. सरकारफुडं माजं काय चालतंय?" आणि हात त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवला.

तात्या बाजूला झाला.

लेप कात्रीला दाद देईना. चाकूनं चिरत, पाण्यानं भिजवत एकेक कामटी सुटी केली. शेवटची सुतळी तुटली आणि पट्टी फळाच्या सालीसारखी उकलली. आत सौदा नव्हता. कामट्यांचे खोल वळ, फोड, आणि मेणासारखा गार हात. नाकेदारानं एकदा बघितलं आणि नजर फिरवली. तात्यानं मात्र फिरवली नाही. मोडलेल्या जागेखाली हात निसटतोय हे दिसताच त्यानं काठी टाकली, दोन्ही तळव्यांत कोपर आणि मनगट धरलं आणि सरळ धरून ठेवलं. त्याची बोटं दगडासारखी स्थिर होती. मी नखं दाबत बसलो. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

मग काकू ओरडल्या.

ते ओरडणं मी कधी विसरणार नाही. रक्त परत येताना आगीसारखं येतं. त्यांनी माझा, तात्याचा, नाकेदाराचा, वीरसंगप्पाच्या सोड्याचा, बैलाचा, सगळ्यांचा उद्धार केला. लोकांना वाटलं मी काहीतरी भयंकर केलं. मी हसत होतो, वेड्यासारखा हसत होतो, कारण अंगठ्याचं नख पांढरं पडून गुलाबी झालं होतं. मग तर्जनीचं. मग मधल्याचं. मी प्रत्येक नख तात्याला दाखवत होतो आणि तो बघत होता.

नाकेदार खुर्चीत बसला होता, कपाळ पुसत. त्यानं विचारलं की सोडा कुणी सांगितला. काकूंनी कमरेच्या पिशवीतून माझं पत्रक काढून त्याच्यापुढं धरलं. परवानगी नसलेला कागद, तोही नाक्यावर. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं मला वाचायला सांगितलं. मी मथळा वगळला आणि शेवटची ओळ तेवढी वाचून तिचा अर्थ सांगितला. तो विचारात पडला.

"सोडा बोले तो खोलना?"

"हौ, साहेब."

"तो सीधा लिखते ना, पट्टी खोलो." कागद त्यानं मला परत दिला. मग आत गेला आणि आपल्या खाटेवरची उशी घेऊन आला. मी नव्यानं कापूस लावून, सैल, बोटं उघडी ठेवून फळी बांधली आणि हात त्या उशीवर उंच ठेवला. मोटार निघाली. तात्या सोलापूरपर्यंत दर थोड्या वेळानं वाकून एकेक नख दाबत होता, आणि मी बघतोय असं दिसलं की खिडकीबाहेर बघत होता.

सोलापूरला फोटो निघाला, हाड बसवलं, प्लास्टर झालं. डॉक्टरांनी बोटं हलवून बघितली आणि आणखी उशीर झाला असता तर कापावाच लागला असता म्हणाले. हात वाचला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मात्र कधी पुरतं सरळ झालं नाही. ही दोन बोटं माझ्या जिवाला अजून लागून आहेत. लोहाऱ्याच्या त्या गड्याच्या हातासारखीच.

उशी मी परत नेऊन दिली. त्या दिवशी माझी पेटी कुणी उघडली नाही. तळाशी काय होतं ते वाचकांना सांगायला नको.

नवं पत्रक काढायच्या वेळी तात्या ओसरीवर आला. हाडवैरीचा मथळा काढून टाकशील तर कागद मी स्वतः वाटीन म्हणाला. माझा सगळ्यात लाडका मथळा होता तो. काढला. तात्याची पट्टी बरोबरच होती, नाकेदारानं बिघडवली, हे तो आजही चारचौघांत सांगतो. पण आता बांधताना बोटांची टोकं उघडी ठेवतो आणि जाताना बजावतो, मुंग्या आल्या तर मला सांगावा धाडा. शेवटची ओळ कशी असावी हे मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, सोडा नगं, खोला नगं, ढिली कर म्हन, ढिली म्हटलं की कुनाची आण मोडत न्हाय. तशीच छापली. टाइप बारीक झाला, पण 'पट्टी' शब्द मावला.

मग ती राजवट गेली. हद्दीवरच्या त्या नाक्याचा आडवा बांबू काढायचं ठरलं त्या दिवशी सगळा मुलूख तिथं लोटला होता. मी भल्या सकाळपासून घसा बसेपर्यंत घोषणा देत होतो. बांबू खाली आला तेव्हा लोक त्यावर चढले, नाचले, त्याचे तुकडे करायला कुऱ्हाड आली. त्या गर्दीतून सुंदराकाकू वाट काढत पुढं आल्या. त्यांनी कुऱ्हाडवाल्याला थांबवलं, पदराची गाठ सोडली आणि बांबूला हळदकुंकू लावलं. त्याच हातानं.

लोक चिडले. मीही चिडलो. म्हटलं, काकू, हे काय करता, हा जुलमाचा बांबू.

"असंल," त्या म्हणाल्या. "पर आईच्या पायाशी अडकलेली माजी आण ह्यानंच सोडवली. तुला न्हाय जमलं ते. आता तोडा."

कुऱ्हाड पडली. लोक माझ्या घोषणेची वाट बघत होते आणि माझा आवाज फुटेना. काकूंनी माझ्याकडं बघितलं, "आवाज बसला व्हय रं पत्रकवाल्या," म्हणाल्या, आणि स्वतःच हात वर करून घोषणा दिली. दोन बोटं वाकडी होती. पाचही नखं गुलाबी होती. मी त्यांच्या मागून ओरडलो.